गिलसाहेबाचा जिवंत अजिंठा

व्ह्यू-मास्टर आठवतो? गोल चकती घालायची, डोळ्यांना लावायचा आणि कळ दाबायची. सपाट चित्रातली इमारत एकदम समोर उभी! या खेळण्याचा पूर्वज आपल्या अजिंठ्याच्या डोंगरात दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी येऊन गेलाय. त्याला आणणारा माणूस होता मेजर रॉबर्ट गिल.

गिल म्हटलं की मराठी माणसाला पारो आठवते. अजिंठा गावातली तिची कबर आणि ना. धों. महानोरांचं ‘अजिंठा’ हे काव्य यांमुळे ती गोष्ट घरोघरी पोचली. मात्र मद्रास फौजेतला हा अधिकारी इथे आला तो कामासाठी. लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या नकला करायला १८४४ साली त्याची नेमणूक झाली. पुढे ब्रशच्या जोडीला कॅमेरा आला.

डोंगरांची ‘जिवंत’ छायाचित्रं तेव्हा अगदी नवी होती. चार्ल्स पियाझी स्मिथ या खगोलशास्त्रज्ञानं १८५६ मध्ये टेनेरिफ बेटावरच्या ज्वालामुखी पर्वतावर ती काढली. त्यातल्या वीस जोडचित्रांचं पुस्तक १८५८ मध्ये निघालं. असं ते जगातलं पहिलंच! त्यानंतर सहाच वर्षांनी, १८६४ मध्ये, लंडनला गिलचं पुस्तक आलं. त्यात पश्चिम हिंदुस्थानातल्या वास्तू आणि निसर्गाची शंभर जोडचित्रं होती. मजकूर जेम्स फर्ग्युसनचा.

युक्ती साधी आहे. आपल्या दोन डोळ्यांत सुमारे अडीच इंचांचं अंतर असतं. त्यामुळे प्रत्येक डोळ्याला दृश्य किंचित वेगळं दिसतं. मेंदू ती दोन्ही जुळवतो आणि आपल्याला खोली कळते. तशीच दोन छायाचित्रं काढून शेजारी चिकटवायची आणि दोन भिंगांतून पाहायची. अडचण डोंगरांचीच! फार लांबच्या कड्यात हा फरक जवळजवळ उरत नाही. म्हणून छायाचित्रकार एखादं झाड, खडक किंवा माणूस पुढ्यात घेत. नाहीतर कॅमेरा बराच बाजूला सरकवून दुसरं चित्र काढत. त्यात काचेवर ओला रसायनाचा थर. तो वाळायच्या आत चित्र टिपून, अंधाऱ्या तंबूत लगेच धुवावं लागे.

एवढा खटाटोप कशासाठी? उत्तर १८६६ च्या डिसेंबरात मिळालं. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तिथे मांडलेल्या गिलच्या बहुतेक तैलचित्रांची राख झाली. वर्षानुवर्षांची मेहनत गेली! छायाचित्रं मात्र पुस्तकाच्या प्रतींतून आधीच ठिकठिकाणी पोचली होती, म्हणून ती टिकली. त्यांत लेण्यांचे रंग नाहीत, पण दगडाची खोली आहे. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

अजिंठ्याला गेलात तर वाघोरा नदीकाठी थांबा. समोर घोड्याच्या नालेसारखा वळलेला, सुमारे अडीचशे फुटांचा कडा दिसेल. जवळची एखादी फांदी नजरेसमोर धरा. आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. फांदी कड्यावर इकडून तिकडे सरकेल. गिलसाहेबाच्या जोडचित्रांची सारी करामत तेवढ्या सरकण्यात आहे. मुलांनाही दाखवा!