चढाच्या गावात आई

लेकीकडे परदेशी जायचे ठरले की आपल्या घरांतून दोन याद्या तयार होतात. एक न्यायच्या लाडू-चिवड्याची आणि दुसरी पाहायच्या ठिकाणांची. गेल्या जुलैत आम्ही साताऱ्याहून अमेरिकेला निघालो तेव्हा दुसऱ्या यादीत सॅन फ्रान्सिस्को अगदी वर होते. लेक तिथून तासाभराच्या अंतरावर, फ्रीमाँटला राहते. जाणारे आम्ही तिघे : हे, मी आणि ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाई. यादी करताना एक गोष्ट मात्र कोणाच्याच ध्यानात आली नाही. ते शहर टेकड्यांवर वसलेले आहे आणि आईंचे गुडघे जिन्याच्या चौथ्या पायरीलाच कुरकुरू लागतात.

फोटोत चढ दिसत नाही. तो तिथे गेल्यावर पोटऱ्यांना कळतो. जेमतेम सात मैल लांब आणि सात मैल रुंद अशा त्या शहरात चाळीसहून अधिक टेकड्या आहेत. टेकडी आपल्याला काही नवी नाही, पण आपला घाट वळणे घेत, दम खात वर जातो. इथला रस्ता समोरच्या भिंतीला शिडी लावावी तसा सरळ वर चढतो. १८४७ मध्ये जॅस्पर ओफॅरेल नावाच्या मोजणीदाराने गावाचा आराखडा वाढवला, तोही आधीसारखाच पट्टीने आखलेल्या चौकटींचा. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि काही शेकड्यांची वस्ती १८४९ च्या अखेरीस पंचवीस हजारांच्या घरात गेली. त्या धामधुमीत नकाशाचा फेरविचार करायला कोणाला सवड होती? कागदावरची रेघ तशीच टेकडीवर चढली. आजही उतारावर गाडी लावायची तर पुढची चाके फुटपाथाच्या दिशेने वळवून ठेवावी लागतात, नाहीतर दंड.

पहिल्या दिवशी, शनिवारी, आम्ही समुद्राकाठच्या पिअर ३९ या धक्क्यावर गेलो. लाकडी तराफ्यांवर समुद्रसिंह एकमेकांच्या अंगावर लोळत, ओरडत पडले होते. १९८९ च्या ऑक्टोबरात इथे मोठा भूकंप झाला. त्यानंतरच्या महिन्यांत हे प्राणी या धक्क्यावर येऊ लागले आणि माणसांनी त्यांना जागा सोडून दिली. आई तिथे छान रमल्या. ‘‘लग्नघरी जेवणानंतर पुरुष मंडळी अशीच पडलेली असतात,’’ त्या म्हणाल्या. आमच्या ह्यांच्यासकट सगळे हसलो.

मग नातवाला लोम्बार्ड स्ट्रीट पाहायचा होता. तोच तो वेड्यावाकड्या वळणांचा रस्ता. तो चढ सत्तावीस टक्क्यांचा, म्हणजे शंभर फूट पुढे जाताना सत्तावीस फूट वर. मोटारींना तो झेपेना म्हणून १९२२ मध्ये त्या एका तुकड्यात आठ वळणे घातली आणि तो सुसह्य केला. शहराच्या या भागात कोणीतरी उतारापुढे हट्ट सोडला, तर नेमके तेच पाहायला जग लोटते! पण तिथवर पायी जायचे म्हणजे चढ आला. ‘‘आजी, तू इथे बाकावर बस. आम्ही अर्ध्या तासात येतो,’’ लेक म्हणाली. आम्ही आईंच्या शेजारी पिशव्या ठेवल्या, पाण्याची बाटली दिली आणि निघालो.

अर्ध्या तासाचे पावणेदोन तास झाले. दर वळणावर फोटो काढले, वर जाऊन आइस्क्रीम खाल्ले. परत येईतो धुके उतरले होते. जुलै म्हणजे या शहराचा हिवाळाच म्हणा. आतल्या खोऱ्यांतली जमीन तापते, तिथली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा धुक्यासकट गोल्डन गेटच्या चिंचोळ्या खाडीतून आत घुसते. म्हणून तर अर्ध्या चड्डीत आलेले प्रवासी इथे स्वेटर विकत घेताना दिसतात. आई डोक्यावरून शाल घेऊन, पिशव्यांवर एक हात ठेवून बसल्या होत्या. एस.टी. स्टँडवर सामान राखत बसलेल्या बाईसारख्या.

‘‘मला सामान सांभाळायला आणलंत का रे?’’ त्यांनी आपल्या मुलाला एवढेच विचारले. आवाज चढला नव्हता. रात्री त्या ‘भूक नाही’ म्हणाल्या.

मला झोप लागेना. आपण सगळेच असे वागतो. म्हाताऱ्या माणसांना हौसेने बरोबर नेतो आणि प्रत्येक प्रेक्षणीय स्थळाच्या पायथ्याशी बाकावर बसवतो. गावी परतल्यावर ‘आईंना अमेरिका दाखवून आणली’ असे चार जणांना सांगतो. आईंनी त्या दिवशी काय पाहिले होते? एक कचराकुंडी, एक खांब आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय.

दुसऱ्या दिवशी आम्ही यादी बाजूला ठेवली आणि आईंना चढवून नेणारे वाहन शोधले. ते या शहरानेच दीडशे वर्षांपूर्वी शोधून ठेवले होते. अँड्र्यू हॅलिडी हा तारेचे दोर बनवणारा कारखानदार. १८६९ मध्ये एका ओल्या चढावर घोडे घसरून पडले आणि गाडीच्या ओझ्याने मागे फरफटत गेले, ते पाहून त्याला ही कल्पना सुचली असे सांगतात. १८७३ च्या ऑगस्टमध्ये त्याची पहिली केबल कार क्ले स्ट्रीटवर धावली. या गाडीला ना इंजिन ना मोटर. रुळांच्या मधल्या फटीखाली पोलादी दोर ताशी साडेनऊ मैलांच्या वेगाने अखंड पळत असतो. चालक लांब दांड्याने तो चिमट्यात पकडतो, की गाडी निघाली. सोडतो आणि ब्रेक दाबतो, की थांबली. त्या ब्रेकांपैकी एक चक्क लाकडी ठोकळ्यांचा! १९४७ मध्ये महापौरांनी या गाड्या मोडीत काढायचे ठरवले, तेव्हा फ्रीडेल क्लुसमन नावाच्या बाईने शहरातल्या बायकांना गोळा करून त्या वाचवल्या.

पॉवेल स्ट्रीटच्या टोकाला गाडी लाकडी चकतीवर घेऊन माणसे हातांनी फिरवतात. तिथे तासभर रांगेत उभे राहिलो. आईंना दोघांनी धरून वर चढवले. गाडी घंटा वाजवत चढाला लागली आणि आईंनी घोड्यांची गोष्ट ऐकून एकदम नातवाला सांगायला सुरुवात केली. ‘‘आमच्या लहानपणी टांगा चढाला लागला ना, की टांगेवाला पुरुषांना खाली उतरवायचा. घोड्याची दया म्हणून. बाया-मुलं तेवढी बसून.’’ नातवाने विचारले, ‘‘पणजी, देन हू पुश्ड?’’ ‘‘उतरलेले ढकलायचे!’’ आईंना इंग्रजी कळले की प्रश्न, कोण जाणे.

हाइड स्ट्रीटवर गाडी थेट लोम्बार्डच्या माथ्याशी थांबते. काल आम्ही धापा टाकत जिथे पोचलो, तिथे आई बसून आल्या. खाली आठ वळणांची फुलझाडे, समोर कॉइट टॉवर, पलीकडे निळा उपसागर. त्यांनी खूप वेळ पाहिले. मग म्हणाल्या, ‘‘तुम्ही खाली जाऊन या. मी इथे टेकते.’’ हे घुटमळले. ‘‘अरे, काल तुम्ही मला बसवलंत. आज मी बसतेय.’’

त्या दुपारी गोल्डन गेट पुलावर गेलो, पण १९३७ चा तो नारिंगी पूल धुक्यात पार बुडालेला. मनोऱ्यांची टोके तेवढी वर. परतताना आईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. त्यावर मामंजींच्या अक्षरात पत्ता होता : ५, वुड स्ट्रीट. मामंजी जाऊन तीन वर्षे झाली. आमच्या यादीत हे ठिकाण नव्हतेच.

गिअरी नावाच्या लांबलचक रस्त्यालगत एका आडगल्लीत ते गदर स्मारक आहे. आत जाता आले नाही. आधी चौकशी केली नव्हती, चूक आमचीच. नातवाने पाटी वाचली आणि विचारले, ‘‘गदर म्हणजे?’’ आम्ही तिघे मोठे एकमेकांकडे पाहू लागलो. सांगितले ते आईंनी. गदर म्हणजे बंड. पंजाबातून आलेले शेतकरी, मजूर आणि शिकायला आलेली मुले यांनी इंग्रजांविरुद्ध पक्ष काढला आणि १९१३ च्या १ नोव्हेंबरला याच शहरातून ‘गदर’ हे पत्र सुरू केले. त्यांच्यात वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते आणि तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे होते. अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकायला आलेले पिंगळे १९१४ मध्ये बंडासाठी हिंदुस्थानात परतले. मेरठच्या छावणीत बॉम्बसह पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभांबरोबर फासावर गेले. ते गेल्यानंतरच पक्षाचा मुक्काम या जागी आला, आणि आजची इमारत तर स्वातंत्र्यानंतरची.

‘‘तुझे पणजोबा तळेगावचेच,’’ आई नातवाला म्हणाल्या. ‘‘शाळेत असताना त्यांनी हे नाव ऐकलं होतं. म्हणायचे, आपल्या गावचा मुलगा तिथवर गेला आणि परत आला तो मरायला. एकदा ती जागा बघू.’’ त्यांनी दारापुढच्या पायरीला हात लावून नमस्कार केला. नातवानेही केला. त्याला किती समजले ठाऊक नाही, पण गाडीत बसल्यावर त्याने ‘पिंगळे’ हा शब्द दोनदा म्हणून पाहिला.

दोन दिवसांत आम्ही एवढे पाहिले, पण ज्या ठिकाणाशी आमच्या घराचे नाते होते ते बाकावर बसवलेल्या बाईलाच ठाऊक होते. आम्ही विचारले नव्हते, म्हणून तिने सांगितले नव्हते.

घरी जाताना आई काचेतून बाहेर पाहत होत्या. ‘‘तो पूल आज नीट दिसला नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘धुकं नसेल त्या दिवशी परत येऊ. पण बाक मी निवडीन हं.’’