गंगाधरपंत कुठे गेले होते? पानिपत, समांतर विश्वे आणि जर-तर

मंडळी, रिद्धपुरात येऊन टाइम मशीनवर बोलायचं म्हणजे जरा धाडसच आहे. सकाळी राजमठात दर्शन घेतलं, तेव्हा एका ओळखीच्या गृहस्थांनी विचारलंच, "सर, इथे गोविंदप्रभूंवर बोलायचं सोडून हे काय काढलं?" त्यांना म्हटलं, संध्याकाळी या, शेवटी आपण म्हाइंभटांपाशीच येऊ. ते समोर बसले आहेत, म्हणजे आता मला शब्द पाळावा लागणार.

आजचा विषय आहे डॉ. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही गोष्ट. कादंबरी नाही, कथाच आहे. पण कालप्रवास आणि समांतर विश्व यांवर मराठीत बोलायचं झालं तर मला पहिल्यांदा तीच आठवते. इंग्रजीत ती 'द अॅडव्हेंचर' या नावाने अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात होती. म्हणजे मुलांनी ती परीक्षेसाठी वाचली, हे तिचं दुर्दैव.

गोष्ट थोडक्यात अशी. गंगाधरपंत गायतोंडे हे इतिहासाचे प्राध्यापक. सभांचं अध्यक्षपद भूषवण्यात त्यांचा हातखंडा, हजाराव्या अध्यक्षपदाच्या उंबरठ्यावर आलेले. पानिपतात मराठे जिंकले असते तर काय झालं असतं, हा विचार डोक्यात घोळत असताना त्यांना अपघात होतो. जागे होतात ते वेगळ्याच हिंदुस्थानात. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनी अजून आहे, पण तेवढ्या तुकड्यापुरतीच. बाकी देश स्वतःच्या पायावर उभा. पंत ग्रंथालयात जातात आणि कोणती पुस्तकं मागवतात? स्वतःचेच पाच खंड! पहिले चार जसेच्या तसे, औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत सगळं ओळखीचं. पाचव्या खंडात मात्र गाडी रूळ बदलते. शोधता शोधता ते त्या जागेवर पोचतात: 14 जानेवारी 1761, विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे लागलेलीच नाही. कानाजवळून निघून गेली.

इथे एक गोष्ट नीट बघा. हा कालप्रवास आहे का? एच. जी. वेल्सच्या 1895 च्या 'टाइम मशीन'मधला माणूस काळात पुढे जातो. गंगाधरपंत पुढेही जात नाहीत, मागेही जात नाहीत. तारीख तीच राहते. ते बाजूला सरकतात. मागे जाण्यात तर्काची एक अडचण आहे, ती तुम्हाला माहीत असेल: मी भूतकाळात जाऊन आजोबांना लग्नाआधीच मारलं, तर मी जन्मणार कसा, आणि जन्मलोच नाही तर मारणार कोण? 1991 मध्ये डेव्हिड डॉइच या भौतिकशास्त्रज्ञाने असं मांडलं की मागे गेलेला माणूस दुसऱ्याच विश्वात उतरतो असं धरलं, तर हा गुंता सुटतो. तिथले आजोबा मरतील, इथले शाबूत. नारळीकरांनी तो गुंता आधीच टाळला, मागे जायची भानगडच ठेवली नाही.

गोष्टीत राजेंद्र देशपांडे नावाचे शास्त्रज्ञ मित्र पंतांना दोन कल्पना समजावतात. पहिली कॅटॅस्ट्रॉफी थिअरी. हिरवी फांदी वाकवत जा, वाकवत जा, बराच वेळ काही होत नाही, आणि मग केसभर जास्त वाकवली की कडाड्. कारण केसभर, परिणाम प्रचंड. दुसरी क्वांटमची. इलेक्ट्रॉन सोडला तर तो नेमका कुठे जाईल हे सांगता येत नाही, शक्यताच सांगता येतात. 1957 मध्ये ह्यू एव्हरेटने म्हटलं की सगळ्या शक्यता घडतात, वेगवेगळ्या शाखांत, आपल्याला आपलीच शाखा दिसते. एव्हरेटच्या मांडणीत या शाखेतून त्या शाखेत जायला वाट नाही. पंतांना ती सापडली, एवढी सूट लेखकाला द्यायला हवी.

आता माझी तक्रार. पानिपतात एका गोळीने सगळं फिरलं, हे मला पटत नाही. फौज कित्येक आठवडे कोंडलेली, दिल्लीची रसद तुटलेली, जनावरं आणि माणसं उपाशी, सोबत बिनलढणाऱ्यांचा लोंढा, सूरजमल जाट आधीच निघून गेलेला. फांदी आधीच वाकलेली होती. त्यामुळे त्या जगात पुढे काय काय झालं असतं हे सांगताना मी पंतांइतका ठाम राहणार नाही. 1853 ला निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, ते तिथे झालं असतं का? मग कापसासाठी रेल्वे आली असती का? यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची आपली शकुंतला तरी रुळावर आली असती का? असो. वऱ्हाडी माणसाला पानिपतावरून शकुंतलेवर यायला वेळ लागत नाही.

पण गोळीनंतर जे झालं ते महत्त्वाचं आहे. विश्वासराव पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि लढाईत घुसले. सैन्याला दिसला रिकामा हौदा. आता गोष्टीतला दुसरा प्रसंग आठवा. पंत त्या दुसऱ्या मुंबईत एका सभेला जातात, आणि व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी! त्या जगात लोकांनी अध्यक्षीय भाषणांची प्रथाच मोडीत काढलेली. पंतांना राहवत नाही, ते जाऊन बसतात, बोलू लागतात, लोक अंडी-टमाटे फेकतात, आणि त्या धक्काबुक्कीत ते आपल्या जगात परत येतात. एक रिकामी जागा पाहून सैन्य पळालं, दुसरी पाहून प्राध्यापक धावले. हा विनोद नारळीकरांनी मुद्दाम केला की नाही, मला ठाऊक नाही. मी स्वतः अनेक खुर्च्यांवर बसलेला माणूस आहे, त्यामुळे मला तो लागतो.

परत आल्यावर पंतांच्या खिशात पुरावा काय उरतो? तिथल्या भाऊसाहेबांच्या बखरीचं एक फाटकं पान. इथल्या प्रतीत गोळी लागते, त्या पानात ती चुकते.

आणि इथे आपण रिद्धपुरात आलो. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा कशा जमवल्या? ज्यांनी पाहिलं, ऐकलं, त्यांना शोधून, विचारून. पुढे चौदाव्या शतकातल्या धामधुमीत पोथ्या लुटल्या गेल्या, तेव्हा ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला. साहजिकच पाठ वेगळे झाले. मग त्यांनी काय केलं? एक खरा ठरवून बाकीचे पुसले नाहीत. अमक्याची वासना अशी, तमक्याची अशी, असं म्हणून भेद नोंदवून ठेवले. 'वासना' म्हणजे इथे पाठभेद बरं का, नाहीतर कोणी गैरसमज करून घ्यायचं.

वरवर पाहता हेही फाटक्या पानासारखंच वाटतं: एकच लीळा, दोन पाठ. पण फरक मोठा आहे. हिराइसांचा पाठ एक आणि दुसऱ्या कोणाचा दुसरा, याचा अर्थ स्वामींनी दोन जगांत दोन गोष्टी केल्या असा नाही. घडलं एकच, आठवलं दोन प्रकारे. इथे अनेकपण आपल्या जाणण्यात आहे. एव्हरेट म्हणतो अनेकपण जगातच आहे, कोणी आठवो न आठवो. ज्ञानातलं अनेकत्व आणि सत्तेतलं अनेकत्व, या दोहोंची गल्लत केली की समांतर विश्वावर वाट्टेल ते बोलता येतं, आणि हल्ली बोललं जातंही.

हा फरक मला शिकवला तो कोणत्याही पुस्तकाने नाही. आमच्या घरची गोष्ट सांगतो. माझा धाकटा भाऊ, चौदा वर्षांचा, पोळ्याच्या सकाळी बैल धुवायला पूर्णेवर गेला. वरच्या अंगाला पाऊस झालेला होता, नदी चढली. बैल परत आले. आईच त्याला "जा" म्हणाली होती, कारण मी पुस्तक घेऊन बसलो होतो. पुढे तीसेक वर्षं दर पोळ्याला ती एक वाक्य अर्धंच म्हणायची, "त्या दिशी म्या त्याले जाऊ देल्लं नसतं त..." बस. 'त'च्या पुढे कधी गेली नाही.

मी तेव्हा नवा नवा प्राध्यापक. नारळीकरांची ही कथा वाचली आणि मोठ्या उत्साहाने आईला सांगितली. म्हटलं, आई, असंही जग असेल जिथे नदी चढलीच नाही, तो घरी आला, पुरणपोळी जेवला. ती तांदूळ निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "आन् तती त्याची माय कोन हाये?"

मी म्हटलं, तूच. "मी त अती हावो," ती म्हणाली.

याच प्रश्नावर सॉल क्रिप्कीने 1970 च्या व्याख्यानांत बोट ठेवलं होतं. निवडणूक हरलेल्या उमेदवाराला सांगा की दुसऱ्या जगात तुझ्यासारखा कोणीतरी जिंकला, तर तो म्हणेल, मला त्याचं काय? मी जिंकू शकलो असतो का, ते सांगा. आईचं 'तर' हे या घरच्या, या नदीच्या, या पोराबद्दल होतं. दुसरं विश्व दाखवून ते पुरं होत नाही. योगवासिष्ठात लीला राणी मेलेल्या पतीला शोधत दुसऱ्या सृष्टीत जाते, तो तिथे राज्य करताना सापडतो, आणि त्याच्या शेजारी दुसरीच एक लीला असते! तो प्रसंग मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवला. आईने तो न वाचता विचारला होता.

मग कथेचा उपयोग काय, असं तुम्ही म्हणाल. एक उपयोग मला दिसतो. आईला वाटायचं, तिचं "जा" ही ती गोळी. पण वरच्या अंगाचा पाऊस, मी न उठणं, सणाची घाई, यांतली नेमकी कोणती गोष्ट केसभर जास्त होती हे कोणाला सांगता येणार? वाकलेल्या फांदीवर शेवटचा हात ज्याचा, दोष त्याचाच, असा हिशेब होत नाही. हे मी तिला त्या दिवशी सांगायला हवं होतं. मी एव्हरेट सांगत बसलो.

गोष्टीच्या शेवटी गंगाधरपंत पानिपतच्या परिसंवादाचं हजारावं अध्यक्षपद नाकारतात. हे सांगितलं तेव्हा आई पहिल्यांदा हसली. "मंग त्याले समजलं मनजे," म्हणाली. पुढच्या पोळ्याला तिने ते वाक्य पुन्हा म्हटलंच, तेही अर्धंच.

बराच वेळ घेतला. मघाचे गृहस्थ हात वर करताहेत, वासनांबद्दल असणार. विचारा.