शॉवरचें पाणी कोठें अडतें?

मुंबईच्या घरांतील स्नानाची रीत आपल्या डोळ्यांदेखत पालटली. गिरगांवांतील किंवा लालबागेंतील चाळ पडून तेथें उंच इमारत उठली कीं, मोरींतील घंगाळ व तांब्या जाऊन भिंतींत शॉवर येतो. परंतु पुष्कळ घरीं असा अनुभव येतो कीं, खालची तोटी सोडली तर बादली भराभर भरते, आणि शॉवर सोडला तर सुतासारखी धार अंगावर येते. मग घरांतील कर्ती मंडळी अधिक महाग शॉवर आणतात; तोहि तसाच ठिबकतो; आणि अखेर कोणी तरी 'पंप बसवा' असा सल्ला देतो. वैद्यकांत निदान आधीं व उपचार मागून असा क्रम आहे. नळाच्या बाबतींत तो मोडला तर पैसा जाऊन व्याधि तशीच राहते, आणि पंप भलत्या ठिकाणीं बसविला तर ती शेजाऱ्याच्या घरींहि शिरते.

पाण्याचा दाब उंचींतून येतो, हें या विषयाचें मूळ सूत्र. पत्र्याच्या उंच डब्यास वर, मध्यें व तळाशीं अशीं तीन भोकें पाडून तो पाण्यानें भरावा. तळाच्या भोकांतील धार जोरानें निघते, वरची नुसती ओघळते. १० मीटर, म्हणजे सुमारें ३३ फूट उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरास जवळजवळ १ किलोग्रॅम भरतो.

मुंबईचा पाणीपुरवठा याच सूत्रावर उभारला गेला. १८६० सालीं विहारचें आणि १८९२ सालीं तानसाचें पाणी शहरास मिळूं लागलें, तें उंचावरील तलावांतून आपल्याच भारानें वाहत येई. मलबार हिलवरील फिरोजशहा मेहता उद्यानांत आपण मुलांस फिरावयास नेतों. त्या हिरवळीखालीं मोठा जलाशय आहे. टेंकडीवर तो बांधला, तो उंचीच्या लाभासाठींच. परंतु नगराचें पाणी ठरावीक वेळींच येत असल्यामुळें बहुतेक इमारतींत तें प्रथम तळच्या टाकींत सांठवितात, पंपानें गच्चीवरील टाकींत चढवितात व तेथून घरोघर सोडतात. म्हणून आपल्या शॉवरचा दाब आपली गच्ची ठरविते.

दादरची एखादी तीन मजली इमारत डोळ्यांपुढें आणूं. समजा, तळमजल्यावरील शॉवर टाकींतील पाण्याहून ४० फूट खालीं आहे व वरच्या मजल्यावरील केवळ ६ फूट. या वरच्या घरांत तोटी शॉवरहून ५ फूट खालीं असल्यास तिला ११ फुटांचा दाब मिळतो, म्हणजे जवळजवळ दुप्पट! बादली भरते आणि शॉवर रडतो, यांतील पुष्कळसें रहस्य हेंच.

आतां परीक्षेकडे वळूं. घरांतील इतर सर्व तोट्या बंद कराव्या. एकत्र कुटुंबांत एकजण स्नान करीत असतां स्वयंपाकघरांत भांडीं व बाहेर धुणें चाललेलें असतें, आणि एकाच नळाचें पाणी तीन ठिकाणीं वांटलें जातें; तो दोष शॉवरचा नव्हे. नंतर शॉवरखालीं १५ लिटरांची बादली ठेवून घड्याळ पाहावें. ती २ मिनिटांत भरली, तर मिनिटास साडेसात लिटर पाणी येतें. साध्या स्नानास तें पुरें. फार अधिक वेळ लागल्यास तीन प्रश्न विचारावे. फक्त शॉवरच मंद आहे काय? फक्त ऊन पाणीच मंद आहे काय? कीं घरांतील सर्वच तोट्या मंद आहेत?

फक्त शॉवर मंद असेल, तर तो फिरवून काढावा व नळ तसाच सोडून पाहावा. धार जोरदार निघाली, तर दोष शॉवरच्या चकतींत. मुंबईच्या तलावांचें पाणी मृदु आहे. त्यामुळें येथें छिद्रें बुजतात तीं बहुधा गंजानें व टाकींतील गाळानें. आंतील बारीक जाळी धुवून छिद्रें जुन्या दांतांच्या ब्रशानें घासावीं. जेथें विहिरीचें किंवा टँकरचें जड पाणी वापरतात तेथें मात्र चुन्याचा पांढरा थर बसतो. त्यास शिरक्यांत तासभर भिजविण्याचा उपाय चांगला.

ऊन पाणीच मंद असल्यास गीझरच्या जोडणींत अडथळा समजावा व तें काम जाणत्या कारागिराकडे सोंपवावें. सर्वच तोट्या मंद असल्यास आधीं खालच्या मजल्यावर विचारावें. त्यांचीहि तीच तक्रार असेल, तर गच्चीवर जावें. टाकी धुतल्यानंतर तिचा व्हॉल्व अर्धाच उघडा राहिल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. टाकी रिकामी होऊन पुन्हां भरली असल्यास नळांत हवा कोंडते. सर्वांत खालच्या तोट्या कांहीं मिनिटें पूर्ण सोडल्या म्हणजे ती बहुधा निघून जाते. जुन्या इमारतींतील जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी नळ आंतून गंजतात. नळाचा पोकळ व्यास निम्मा झाला, तर पाणी निम्म्यावर न थांबतां पांचव्या-सहाव्या हिश्श्यापर्यंत उतरतें. अशा नळास औषध नाहीं; तो बदलावाच लागतो.

सर्व परीक्षा निर्दोष ठरून उंचीच अपुरी निघाली, तर वरच्या मजल्यावर रुंद चकतीचा 'पावसाळी' शॉवर टाळून कमी दाबावर चालणारा लहान शॉवर घ्यावा. तेवढ्यानें न भागल्यास इमारतीच्या मंडळींची संमति घेऊन, गच्चीच्या टाकीपासून आपल्याच घराकडे उतरणाऱ्या नळावर लहान पंप बसवितां येतो.

पण जेथें नगरपालिकेचें पाणी थेट घरच्या नळास येतें, तेथें त्या नळास मोटर लावणें हा गुन्हा आहे, आणि तो केवळ कायद्याचा नव्हे. पाणी वेळेवर येणाऱ्या शहरांत रस्त्याखालील नळ दिवसाचा बराच काळ दाबाविना असतात. अशा नळास मोटरीनें शोष लावला कीं, एखाद्या फुटक्या सांध्यांतून शेजारच्या गटाराचें पाणी आंत ओढलें जातें. कावीळ, विषमज्वर, पटकी हे रोग त्याच वाटेनें येतात. आणि शेवटच्या बिऱ्हाडाची कळशी रिकामी राहते, ती वेगळीच. एक मोटर आली कीं तिच्या त्रासानें दुसरी येते, आणि अखेर सर्वांचा खर्च वाढून पाणी होतें तेवढेंच राहतें.

म्हणून वाचकांस इतकेंच सांगावेंसें वाटतें कीं, शॉवरपासून मागें मागें टाकीपर्यंत शोध करीत जावें. बहुतेक वेळीं दोष हाताच्या अंतरावर सांपडतो, आणि तो काढण्यास एक पाना, एक जुना ब्रश व अर्धा तास पुरतो.