तक्त्याचे मथळे कानाला कसे ऐकवावे

मीरा-भाईंदरमध्यें सहकारी गृहनिर्माण संस्थांना तोटा नाहीं. अशाच एका संस्थेचे खजिनदार अंध आहेत, असें क्षणभर समजूं. हिशेब एक्सेलच्या तक्त्यांत आहे. पडद्यावरील मजकूर स्क्रीन रीडर त्यांना वाचून दाखवितो. बाणाची कळ दाबतांच आवाज येतो: "१४५०, एफ ३७". हा आंकडा देखभालीचा, सिंकिंग फंडाचा, कीं थकबाकीचा? डोळस मनुष्य सहज वर पाहून घेतो. कानाला वर पाहतां येत नाहीं. आणि थकबाकीची नोटीस भलत्याच सभासदाच्या हातीं पडली, तर भांडण ठरलेलें.

मथळे ठळक केले, पहिली ओळ गोठविली, कीं काम झालें अशी पुष्कळांची समजूत असते. ती सारी डोळ्यांची सोय! एन.व्ही.डी.ए. या मोफत स्क्रीन रीडरला मथळा कोठें आहे तें सांगावें लागतें. (मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणानें तो २००६ सालीं लिहावयास घेतला.) मथळ्यांच्या ओळींतील अगदीं डावीकडील घरांत, म्हणजे 'सदनिका क्रमांक' येथें यावें आणि इन्सर्ट, शिफ्ट व सी या कळा एकदम दाबाव्या. तिसऱ्या घरांत येऊन दाबल्या, तर पहिले दोन रकाने मुकेच राहतात. संस्थेचें नांव मिरविणाऱ्या सर्वांत वरच्या ओळीच्या वाटेस जाऊंच नये. मग खालील पहिल्या सदनिकेच्या क्रमांकावर येऊन सी ऐवजीं आर दाबावा. आतां आडवें जातांना रकान्याचा मथळा व खालीं-वर जातांना सदनिका ऐकूं येते. खूण चुकली, तर त्याच घरांत त्याच कळा लागोपाठ दोनदां दाबल्यानें ती पुसते.

तरीहि मथळा ऐकूं न आल्यास इन्सर्ट, कंट्रोल व डी दाबून मथळ्यांसाठीं 'ओळी व रकाने' हा पर्याय निवडावा. 'एफ ३७' ची कटकटहि तेथेंच बंद होते.

या खुणा फाइलींतच नांवांच्या रूपानें राहतात. म्हणून फाइल जतन करून पाठविली, कीं जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर वापरणाऱ्या सभासदालाहि त्या आयत्या मिळतात. डोळस चिटणीसांनींहि त्या डाव्या घराला रोमन लिपींत, मध्यें जागा न सोडतां, 'कॉलमटायटल' असें नांव दिलें तर तेंच काम होतें. मात्र फाइल सी.एस.व्ही. स्वरूपांत जतन करूं नये; तीत केवळ आंकडे व अक्षरें उरतात, नांवें गळून पडतात.