संख्या कीं नांव?

कल्याण-डोंबिवलीचा एस.टी.डी. क्रमांक ०२५१, ठाण्याचा, मुंबईप्रमाणेंच, ०२२. परगांवाहून फोन लावणाऱ्यास आरंभींचें शून्य वगळून चालत नाहीं. संगणकास मात्र हा क्रमांक ‘पूर्णांक’ म्हणून दिला कीं तो शून्य टाकून केवळ २५१ ध्यानांत ठेवतो, आणि गणिताच्या दृष्टीनें त्याचें कांहींच चुकत नाहीं.

सी आणि जावा या भाषांत याहून मोठी मौज आहे. तेथें शून्यानें आरंभ होणारा पूर्णांक अष्टमान पद्धतीचा, म्हणजे दहाऐवजीं आठाच्या पटींनीं चढणारा, समजला जातो. दोन चौसष्ट, पांच आठ आणि एक मिळून ०२५१ चे १६९ होतात. ०२२ चे १८. वाहनांच्या पाट्यांवरील ठाण्याचा ०४ आणि कल्याणचा ०५ घेऊन परीक्षा पाहिली, तर हा घोटाळा दिसावयाचाही नाहीं. कारण आठाच्या आंतील अंक दोन्ही पद्धतींत सारखेच. रत्नागिरीचा ०८ आला म्हणजे मात्र कंपायलर अडून बसतो. अष्टमानांत ८ हा अंकच नाहीं!

तेव्हां प्रकार ठरवितांना विचारावयाचें तें एवढेंच, कीं या अंकांची कोणी बेरीज करील काय? डोंबिवलीच्या ४२१२०१ या पिनकोडांत ठाण्याचा ४००६०१ मिळवून हातीं काय लागणार? असले अंक म्हणजे नांवेंच होत. त्यांची जागा अक्षरमालेंत. १९७२ सालीं सुरू झालेला पिनकोड शून्यानें आरंभ होत नाहीं, म्हणून पूर्णांकांतही निभावतो. मोबाइलचा दहा अंकी क्रमांक तसा निभावत नाहीं. ३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकाची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे, आणि भारतांतील मोबाइल क्रमांक ६ ते ९ या अंकांनीं सुरू होतात. अर्थात् प्रत्येकच तिच्याबाहेर.

रुपयांची गोष्ट निराळी. ते मोजावयाचेच असतात. परंतु एक दशांश द्विमान अपूर्णांकांत नेमका मावत नाहीं, जसा एक तृतीयांश दशमानांत कधीं संपत नाहीं. म्हणून रक्कम पैशांच्या पूर्णांकांत धरणें बरें.

एकाच आज्ञावलीपुरता स्थिरांक असेल तर चूक तेथेंच दुरुस्त होते. अनेकांनीं मिळून वापरावयाच्या लायब्ररींत ती सोय नाहीं. जावा भाषेंत असे साधे स्थिरांक वापरणाऱ्याच्या आज्ञावलींत कंपाइल करतांनाच नकलून घेतले जातात. पुढें लायब्ररीच्या कर्त्यानें २५१ च्या जागीं ‘०२५१’ ही अक्षरमाला ठेवली, तरी ज्यांनीं आपली आज्ञावली पुन्हां कंपाइल केली नाहीं त्यांच्याकडे जुना २५१ च नांदत राहतो. ज्यांनीं केली त्यांच्या, पूर्णांकाच्या भरंवशावर लिहिलेल्या ओळी अडतात. यास्तव अनुभवी कर्ते जुन्या स्थिरांकास हात न लावतां नव्या नांवाचा दुसरा स्थिरांक शेजारीं ठेवतात, आणि जुना यापुढें वापरूं नये अशी सूचना जोडून तो आणखी कांहीं आवृत्त्या तसाच राहूं देतात.