काळी पाच आणि पांढरी सहा : एका जुन्या क्लॅरिनेटचा शोध

वरातीत वाजणारा क्लॅरिनेट आणि सिंफनी ऑर्केस्ट्रात वाजणारा क्लॅरिनेट दिसायला सारखेच असतात. दोन्ही काळे, दोन्हींवर चकचकीत कळा. त्यांत फरक असू शकतो हे मला आजीने दिलेले नऊ हजार रुपये खर्च झाल्यावर कळले.

मी तेव्हा मुंबईत विद्यार्थ्यांच्या एका वाद्यवृंदात दुसरा क्लॅरिनेट वाजवत होते. वाद्य उसने होते आणि ते सत्र संपताना परत करायचे होते. नव्याची चौकशी केली. व्यावसायिक ऑर्केस्ट्रात ज्याला पहिली पसंती मिळते तो फ्रान्सच्या बुफे क्रॅम्पाँ कंपनीचा आर-१३, १९५५ सालापासून बनणारा. किंमत चार हजार डॉलरच्या पुढे. बाबांनी आकडा दोनदा विचारला आणि मग पेपर उघडला. राहिला जुन्याचा मार्ग.

गिरगावातल्या एका बँडच्या गाळ्यात एक म्हातारे काका भेटले. त्यांनी फडक्यातून एक क्लॅरिनेट काढला, दोन जुनी गाणी वाजवली आणि म्हणाले, “बाळ, आवाज गोड आहे, पण पेटीबरोबर बसत नाही हा. साहेबाच्या काळातला आहे. आमच्यात सगळेच तसले, म्हणून चालून जातं.” मला वाटले, काका विनयाने बोलत आहेत. प्रत्यक्षात त्यांनी त्या वाद्याचा सगळा इतिहास एका वाक्यात सांगितला होता.

पहिल्याच तालमीला ओबोने ‘ए’ दिला आणि माझा सूर वर गेला. थोडाथोडका नव्हे, सा आणि कोमल रे यांच्या मधोमध. मुखनळीखालचा आखूड तुकडा, ज्याला बॅरल म्हणतात, तो बाहेर ओढला की सूर उतरतो, म्हणून मी तो ओढत राहिले. मधले काही सूर उतरले, खालचे तसेच राहिले आणि सगळे सप्तक वाकडे झाले. हे होणारच होते. नळी वरच्या टोकाला लांबवली की जे सूर आखूड नळीतून निघतात त्यांवर परिणाम जास्त होतो, लांब नळीतून निघणाऱ्यांवर कमी. वाद्याची लांबी, भोकांमधली अंतरे, सगळेच वरच्या पट्टीच्या मापाने कोरलेले असेल तर ते उतरवता येत नाही.

पट्टी ही गोष्ट आपण गायकाच्या गळ्यावर सोडतो, युरोपात मात्र तिच्यावरून दीर्घ भांडणे झाली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ‘ए’ची कंपनसंख्या सेकंदाला ४५२च्या आसपास चढली होती. लंडनमध्ये १८९५ साली हेन्री वुडच्या प्रॉमेनेड मैफिली सुरू झाल्या त्या खालच्या पट्टीत, ४३९वर. पण ब्रिटिश लष्कराच्या बँडांनी जुनी उंच पट्टी त्यानंतरही तीसेक वर्षे सोडली नाही, कारण सोडायची म्हणजे पलटणीपलटणीची वाद्ये बदलायची. शेवटी १९३९ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ४४०वर एकमत झाले. काकांचा क्लॅरिनेट या घडामोडींच्या आधीचा. नंतर भिंगाखाली पाहिले तेव्हा कंपनीच्या पुसट शिक्क्याखाली ‘एच. पी.’ ही अक्षरे दिसली, म्हणजे ‘हाय पिच’. उसन्या वाद्याशेजारी ठेवला असता तो दीड बोट आखूडही भरला. आधी मोजला असता तर! काका पैसे परत द्यायला तयार होते. त्यांनी आधीच सांगितले होते, म्हणून मला मागवले नाही.

जुन्या बाजारात दुसरा चकवा कळांच्या रचनेचा. आज जर्मनी-ऑस्ट्रिया वगळता जवळजवळ सर्वत्र बोएम पद्धत शिकवतात. पॅरिसचे प्राध्यापक क्लोझे आणि कारागीर बुफे यांनी १८३९च्या सुमारास ती सिद्ध केली. तिच्यात साधारणपणे सतरा कळा आणि सहा कड्या असतात. भोकांभोवती कड्या कमी दिसल्या की वाद्य जुन्या, अल्बर्ट म्हणवणाऱ्या पद्धतीचे समजावे. न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या जॅझवाल्यांनी तिच्यावर अप्रतिम वाजवले आहे. पण तिची बोटे वेगळी पडतात.

विद्यार्थ्याची कोंडी खरी कळते ती पुढे. ऑर्केस्ट्रात एका क्लॅरिनेटने भागत नाही, दोन लागतात. सनईची नळी खाली रुंदावत जाते, म्हणून जोर बदलला की तिच्यातून त्याच सुराचा वरचा षड्ज निघतो. क्लॅरिनेटची नळी सरळ आणि एका बाजूने बंद, त्यामुळे तिथे निघतो तो एकदम तार सप्तकातला पंचम. म्हणजे खालच्या आणि वरच्या भागात बोटांचा हिशेब निराळा, आणि फार शार्प-फ्लॅट असलेली पट्टी आली की बोटे अडखळतात. यावर उपाय म्हणून वादक दोन वाद्ये जवळ ठेवतात. आपल्या पेटीच्या भाषेत सांगायचे तर एक काळी पाचचा, दुसरा पांढरी सहाचा. मोत्सार्टचा १७९१चा कन्चेर्टो पांढरी सहाचा, शूबर्टची ‘अपूर्ण’ सिंफनी पांढरी सहाची, बेथोव्हेनची सातवीही.

आता गंमत अशी की अमेरिकेत शाळाशाळांत वाद्यपथके आहेत आणि त्यांना फक्त काळी पाच लागतो. मुले शाळा सोडतात, वाद्य माळ्यावर जाते आणि वीस वर्षांनी कवडीमोलाने विकले जाते. म्हणून काळी पाच स्वस्त. पांढरी सहा सहसा विकत घेतो तो ऑर्केस्ट्राचाच माणूस; तो वाद्य चांगले घेतो आणि सहजी सोडत नाही.

म्हणून मी न्यू जर्सीच्या मावशीला फोन केला. प्लॅस्टिकचे पुष्कळ होते : इंडियानातल्या एल्खार्टचा बंडी, विस्कॉन्सिनचा व्हिटो, यामाहा. नवशिक्यासाठी जुना यामाहा आजही मी डोळे मिटून सुचवीन. नव्या, चकचकीत, निनावी वाद्यापेक्षा तो शतपट बरा. असल्या वाद्याच्या कळा मऊ धातूच्या असतात आणि दुरुस्तीवाले हातही लावत नाहीत. मला मात्र लाकडी हवा होता. मावशीला नोब्ले नावाचा फ्रेंच क्लॅरिनेट सापडला, सव्वातीनशे डॉलरला. स्वस्त का, तर वरच्या तुकड्याला भेग होती, पिना घालून बुजवलेली. बुजवलेली भेग भोकातून जात नसेल आणि हवा सोडत नसेल तर तिला भिऊ नये. विकणारा तिच्यासाठी किंमत उतरवतो, आवाजाला ती कळतही नाही.

हवा सुटते का, हे व्हिडिओ कॉलवर तपासायचे होते. मावशीने आयुष्यात टाळांखेरीज काही वाजवलेले नाही. तिला म्हटले, वरचा तुकडा घे, पुढची तिन्ही भोके आणि मागचे अंगठ्याचे बोटांनी झाक, खालचे तोंड तळव्याने दाब, वरून हवा ओढ आणि थांब. पॅड नीट बसत असतील तर आत पोकळी टिकते. तिने ओढले आणि जीभ नळीला चिकटली. “अगं, सोडत नाही हा!” हे वाक्य मी इतक्या आनंदाने कधी ऐकले नव्हते. मग दोन्ही तुकड्यांवरचे क्रमांक वाचून घेतले. ते सारखे असावे लागतात. वेगळे असले तर दोन मोडक्या वाद्यांचा एक संसार थाटलेला असतो.

लाकूड आफ्रिकन ब्लॅकवूड, टांझानिया-मोझांबिककडचे. हे झाड डाल्बर्जिया कुळातले, म्हणजे आपल्या शिसवीचे सख्खे नातलग. दुर्मिळ होत चालल्यामुळे २०१७च्या जानेवारीपासून हे सारे कुळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणाखाली आले आणि वादकांची परवान्यांसाठी धावपळ झाली. २०१९च्या नोव्हेंबरात तयार वाद्यांना सूट मिळाली. मावशीची बॅग त्यानंतरची, म्हणून सुखरूप आली.

मुंबईत आल्यावर कोरड्या हवेतले ते लाकूड पावसाळ्यात फुगले, सांधे अडकले. पहिले काही आठवडे रोज दहा-पंधरा मिनिटेच वाजवायचे, लगेच आतून पुसायचे, हे पथ्य पाळले. पॅडमधल्या लोकरी नमद्याला कसर लागते, तीही लागली. संपूर्ण संच बदलायला वाद्याच्या निम्म्याहून जास्त खर्च आला. जुने घेणाऱ्याने हा आकडा पहिल्याच दिवशी किमतीत धरावा. मुखनळी मात्र नवी घ्यावी. आवाजात तिचा वाटा मोठा असतो आणि तीच दोन्ही क्लॅरिनेटना चालते.

सत्राच्या शेवटी आम्ही शूबर्टची ‘अपूर्ण’ वाजवली. दुसऱ्या भागात क्लॅरिनेटची एकट्याची जागा आहे, व्हायोलिनांच्या धडधडीवर तरंगणारी. पहिली वादक आजारी पडली आणि ती माझ्याकडे आली. पांढरी सहावर त्या जागेला एकच शार्प. माझ्याकडचा काळी पाच, म्हणून सगळे अर्धा सूर खाली उतरवून वाजवायचे, म्हणजे सहा शार्प. तीन आठवडे मी तेवढेच वाजवले. आजी स्वयंपाकघरातून ते गुणगुणायला लागली होती. कार्यक्रमात एक सूर घसरला, बाकीचे जागेवर बसले.

पांढरी सहाचा शोध अजून चालू आहे. परवा मावशीने एका क्लॅरिनेटचा फोटो पाठवला. किंमत परवडणारी, लाकूड सुरेख. फोटो मोठा करून पाहिला, तर वरच्या तुकड्याचा क्रमांक निराळा, खालच्याचा निराळा. नको म्हणून कळवले.