पेटी, पिशवी, फाईल : उलवे परिसरातील घरगुती कागदांचा मागोवा

पनवेल तालुक्यातील उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी या खाडीकाठच्या गावांत 1970पर्यंत कुटुंबाचे कागद सहसा एका पत्र्याच्या पेटीत मावत. सातबाऱ्याचा उतारा, एखाद्या फेरफाराची नक्कल, शेतसाऱ्याच्या पावत्या, मुलाचा शाळेचा दाखला आणि रेशनकार्ड, एवढाच तो ऐवज. खारजमिनीतले भात, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी या तिन्ही धंद्यांचा व्यवहार बराचसा तोंडी चाले. कोणता बांध कोणाचा, उघाडी (बांधातले पाण्याचे दार) कोणी सांभाळायची, मिठागरावरच्या मजुरीतून किती उचल घेतली, हे माणसांच्या ध्यानात असे. सावकाराची किंवा दुकानाची उधारी तेवढी वहीत चढे, आणि ती वही असे त्यांच्याकडे. कागद कमी होते, ठेवायची जागा एकच होती आणि किल्ली बहुधा घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या कनवटीला असे. हरवण्याचा प्रश्न फारसा आला नाही, कारण ते कागद शोधायची वेळच क्वचित येई.

ही स्थिती बदलली ती भूसंपादनाने. 17 मार्च 1970 रोजी सिडको या शहर विकास महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनी नवी मुंबई या नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. संपादन 1894च्या कायद्याखाली झाले. त्या कायद्याची प्रत्येक पायरी एक कागद घरात आणी: कलम 4ची अधिसूचना, कलम 9ची नोटीस, निवाडा, मोबदल्याची नोटीस, रक्कम घेतल्याची पावती. मोबदला मान्य नसेल तर कलम 18चा अर्ज आणि त्यापुढचे न्यायालयाचे कागद. नोटिसा एकाच वेळी आल्या नाहीत. एका खातेदाराच्या चार तुकड्यांचे चार वेगवेगळे निवाडे, तेही वेगवेगळ्या वर्षांचे, असे सर्रास झाले. ज्याची जमीन गेली तो बहुधा अंगठा उठवणारा. त्याने तो कागद पेटीत टाकला आणि मिळालेल्या पैशातून घर दुरुस्त केले, लग्न उरकले. जमीन गेली म्हणजे तिचा कागदही संपला, अशी समजूत होणे स्वाभाविक होते.

ती समजूत महागात पडली. शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोबदल्यासाठी आंदोलन पेटले. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. या लढ्यातून पुढे 1990च्या दशकात साडेबारा टक्के योजना आली: संपादित जमिनीच्या 12.5 टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत. त्यातून सार्वजनिक सोयींसाठी कपात होऊन प्रत्यक्ष हाती यायचे 8.75 टक्के. योजना न्याय्य होती, पण ती वीस वर्षांपूर्वीच्या कागदावर उभी होती. निवाड्याची प्रत, संपादनापूर्वीचा सातबारा, फेरफार, वारस दाखला, शपथपत्र हे सगळे जोडल्यावर पात्रता ठरणार, मग इरादापत्र, मग सोडत, मग करार. जो कागद निरुपयोगी म्हणून पेटीच्या तळाशी गेला होता, तोच आता घरातला सर्वांत मौल्यवान दस्त ठरला.

येथून पेटीची पिशवी झाली. पेटी घरी राहते, पिशवी माणसाबरोबर बेलापूरच्या सिडको भवनात, पनवेलच्या तहसील कचेरीत, अलिबागला जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि वकिलाकडे फिरते. आणि फिरणारा कागद हरवतो. अशा एखाद्या पिशवीत काय असे, हे पाहण्यासारखे आहे. निवाड्याची घडीवर फाटलेली, चिकटपट्टी लावून पिवळी पडलेली प्रत, तिच्याच पाच झेरॉक्स, त्यांतल्या दोन तिसऱ्या पानाविना, तलाठ्याची सही असलेला एक उतारा आणि सही नसलेले तीन, मृत्यूचा दाखला, आवक क्रमांकाचा शिक्का मारलेल्या अर्जाची पोच, लग्नपत्रिकेच्या मागे पेनाने लिहिलेला सर्व्हे नंबर व हिस्सा नंबर आणि त्याखाली ‘सोमवारी साहेब’ एवढेच दोन शब्द. कोणता सोमवार, कोणते साहेब, हे लिहिणाऱ्यालाही वर्षभराने सांगता येत नसे. सरकारी कागदांपेक्षा अशी चिठोरीच जास्त गोंधळ घालत, कारण सरकारी कागदावर निदान तारीख असते.

नावांचा घोळ हा त्याहून अवघड भाग. जुन्या उताऱ्यांवर अनेकांची नोंद नाव आणि वडिलांचे नाव एवढीच, आडनावाशिवाय. शाळेने पुढच्या पिढीला आडनाव लावले, रेशनकार्डावर ते वेगळ्या ऱ्हस्व-दीर्घाने आले, मतदार यादीत आणखी तिसरे. ‘हा आणि तो एकच माणूस’ हे सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्र करावे लागे, म्हणजे एका कागदातली उणीव भरायला दुसरा कागद. क्षेत्राचेही तेच. जुने आकडे एकर-गुंठ्यांत, नंतरचे हेक्टर-आरमध्ये. आर आणि गुंठा जवळजवळ सारखे असल्याने घाईत एकाच्या जागी दुसरा लिहिला जाई आणि बेरीज जुळेना. मूळ खातेदार वारल्यावर वारसांची यादी लांबत गेली. लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावे गाळली गेली, तर काही वर्षांनी हरकत आलीच. न्यायालयाचा वारस दाखला मिळवायचा तो 1827च्या मुंबई रेग्युलेशनखाली, म्हणजे रेल्वेच्याही आधीच्या कायद्याने.

मूळ प्रती मग एका भावाकडे, झेरॉक्स दुसऱ्याकडे, पोच पावत्या तिसऱ्याकडे अशी वाटणी झाली. जमिनीची वाटणी होण्याआधी कागदांची झाली. ज्याच्याकडे मूळ प्रत तो घरात वरचढ, हे न बोलता ठरलेले. काही कुटुंबांनी पिशवी सरळ मध्यस्थाच्या हाती दिली. ती परत आली नाही तर घरच्यांना आपला सर्व्हे नंबरही सांगता येईना. जमीन गेलेल्या कुटुंबाला मिळणाऱ्या प्रकल्पग्रस्त दाखल्याचीही ओढाताण अशीच. त्यावर शासकीय नोकरीत 5 टक्के समांतर आरक्षण मिळते, पण त्याचा लाभ कुटुंबातल्या एकालाच. मूळ दाखला कोणाच्या ताब्यात, यावरून सख्खे भाऊ अबोला धरत.

कागदावाचून हक्क अडण्याचा हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. 1852च्या कायद्याने मुंबई इलाख्यात इनाम कमिशन नेमले गेले तेव्हा पिढीजात इनामे उपभोगणाऱ्यांकडे मूळ सनदा मागितल्या गेल्या, आणि वहिवाट असूनही कागद दाखवता न आलेल्या अनेकांची इनामे खालसा झाली. राज्याच्या दप्तरखान्यात कागद रुमालांत बांधून, वर चिठ्ठी लावून ठेवायची शिस्त होती. पेशवे दफ्तर अशाच रुमालांत टिकले. घरोघरी मात्र कागद बांधले गेले, चिठ्ठी कोणी लावली नाही.

सरकारी कागदांच्या जोडीला घरची टिपणे होती, आणि त्यांचे बस्तान आणखी डळमळीत. 1973मध्ये ‘कालनिर्णय’ कॅलेंडर निघाले आणि पुढे घरोघरी भिंतीवर पोचले. तारखेच्या चौकोनात दुधाचा खाडा, गॅस सिलिंडर लावल्याचा दिवस, बाळाची लस, भिशीचा हप्ता आणि सिडकोची तारीख असे सगळे शेजारी शेजारी लिहिले जाऊ लागले. मराठी कुटुंबाला मिळालेली ही सर्वांत चांगली टिपणवही म्हणावी लागेल: एका जागी टांगलेली, सर्वांना दिसणारी, तारखेसह. तिचा दोष एकच. वर्ष संपले की ती उतरते आणि पुस्तकांना कव्हर घालायला किंवा फडताळात अंथरायला जाते, नोंदींसकट.

भूसंपादनानंतरचा दुसरा धक्का नवी मुंबई विमानतळाचा. सुमारे 1,160 हेक्टरच्या प्रकल्पासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवली, वाघिवलीवाडा आणि वरचे ओवळे या वस्त्या हलवायच्या होत्या. 2014च्या पॅकेजनुसार जमिनीपोटी 22.5 टक्के विकसित भूखंड आणि घरापोटी वेगळा भूखंड देण्याचे ठरले. या वेळी जमिनीबरोबर घराचाही पुरावा मागितला गेला. गावठाणातल्या घराला खरेदीखत कुठले असणार? घरपट्टीच्या पावत्या, वीजबिले, मतदार यादी यांतूनच घर कधीचे आणि कोणाचे, हे दाखवायचे. पंधरा वर्षांपूर्वीचे वीजबिल जपून ठेवणारी गृहिणी अशा वेळी वकिलापेक्षा उपयोगी ठरली. 18 फेब्रुवारी 2018 रोजी भूमिपूजन झाले. त्याच्या मागेपुढे गावे रिकामी होत गेली. आधी भाड्याची खोली, मग नवी वसाहत, असे हे स्थलांतर दोन टप्प्यांत झाले. माळ्यावरचे पाटे-वरवंटे, जाळी, पितळी हंडे यांतले काय कोणाच्या घरी ठेवले, याचा हिशेब अनेक घरांत आजही लागलेला नाही. कागदांची पिशवी मात्र टेंपोत न ठेवता काखेत धरून नेली गेली.

उलवे नोड या सिडकोच्या नव्या उपनगरातल्या इमारतींत राहायला आलेल्यांचे दुखणे निराळे. 11 नोव्हेंबर 2018 रोजी खारकोपरपर्यंत लोकल सुरू झाली, 12 जानेवारी 2024 रोजी मुंबईला जोडणाऱ्या अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि वस्ती वाढली. यांतले पुष्कळ भाडेकरू. भाडेकरार प्रचलित प्रथेने 11 महिन्यांचा, म्हणजे जवळजवळ दरसाल सामान बांधण्याची पाळी. न उघडलेले खोके एका घरातून दुसऱ्या घरात जसेच्या तसे जाते. अनामत रकमेची पावती, गॅसचे पुस्तक, मुलाच्या लसीकरणाचे कार्ड, वॉशिंग मशिनची वॉरंटी यांचा पत्ता ‘त्या खोक्यात असेल’ एवढाच.

जुलै 2015मध्ये डिजिलॉकर सुरू झाले आणि 2018पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. चालू उताऱ्यासाठी तलाठ्याकडचे हेलपाटे त्यामुळे खरोखर कमी झाले. पण चिठोऱ्यांचा पसारा फोनमध्ये गेला. निवाड्याच्या पानांचे फोटो लग्नाच्या फोटोंमध्ये मिसळलेले, सर्व्हे नंबर व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेला, इरादापत्राची पीडीएफ सायबर कॅफेवाल्याच्या संगणकात. फोन बदलला की यातले काही मागे राहते. शिवाय संगणकीकरण चालू नोंदींपासून सुरू झाले. प्रकल्पग्रस्तांना हवा असतो तो 1970पूर्वीचा उतारा किंवा हस्तलिखित फेरफार. तसेच इथल्या आगरी, म्हणजे इतर मागासवर्गीय, कुटुंबाला जातपडताळणीसाठी पुरावा लागतो तो 13 ऑक्टोबर 1967पूर्वीचा, म्हणजे आजोबांचा शाळेचा दाखला किंवा गाव नमुना 14मधली जन्ममृत्यूची नोंद. आणखी मागे गेले तर मजकूर मोडी लिपीत, आणि तो वाचणारा शोधावा लागतो.

असा कागद हरवला तरी बहुतेक वेळा तो संपलेला नसतो. त्याची खरी नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून किंवा भूसंपादन कार्यालयातून अर्ज करून मिळू शकते. अर्जात गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, फेरफार क्रमांक आणि अंदाजे वर्ष लिहावे लागते. त्यामुळे आता जाणती घरे मूळ प्रतींइतकीच एक साधी शंभरपानी वही जपतात. तिच्यात प्रत्येक तुकड्याचे हे पाच तपशील, मूळ प्रत कोणाकडे आहे आणि कोणता अर्ज कोणत्या तारखेला कुठे दिला, एवढेच लिहिलेले असते. 8 ऑक्टोबर 2025 रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. ज्या घरांत वारसांचा वाद मिटायचा आहे, तिथे या वहीत अजून पाने भरत आहेत.